इंटरफेरॉननंतर वाढलेलं बंधन: एफसी टॅग लावलेल्या उंदराच्या सीडी४७चं एक प्रकरण

हे प्रकरण रोगप्रतिकारशास्त्राच्या एका प्रयोगशाळेतलं. गट, संस्था आणि प्रथिन पुरवणारी कंपनी यांची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही. मी त्या गटात नव्हते. फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीवरचा रंग मोजणारं यंत्र) सांभाळणाऱ्या विभागात असल्यामुळे त्यांचे आलेख माझ्या समोर येत होते, आणि पुढच्या चर्चांना मलाही बोलावलं गेलं. म्हणून हे लिखाण थोडं बाहेरून पाहिलेलं आहे.

पार्श्वभूमी

सीडी४७ हे पेशीच्या पटलात पाच वेळा आरपार जाणारं, सुमारे ३०० अमिनो आम्लांचं प्रथिन. पेशीबाहेर त्याचा एकच मोठा, नीट घडी पडलेला भाग असतो. त्याची घडण इम्युनोग्लोब्युलिनच्या व्ही डोमेनसारखी. हा भाग मॅक्रोफेजवरच्या, म्हणजे जंतू आणि नको त्या पेशी गिळणाऱ्या पेशीवरच्या, सिर्प-अल्फा या रिसेप्टरला (पकडणाऱ्या प्रथिनाला) जाऊन भिडला की मॅक्रोफेजला ‘ही आपली पेशी, गिळू नको’ असा इशारा मिळतो. २००० साली उंदरांवरच्या कामातून हे ठळकपणे समोर आलं. सीडी४७ नसलेल्या तांबड्या पेशी साध्या उंदरात सोडल्या तर प्लीहेतले मॅक्रोफेज त्यांचा झपाट्याने फडशा पाडतात.

गटाचा प्रश्न सरळ होता. इंटरफेरॉन-गॅमा हा पेशींना चेतवणारा संदेश-रेणू देऊन मॅक्रोफेज दाहाच्या अवस्थेत नेले, तर सीडी४७ धरून ठेवण्याची त्यांची क्षमता बदलते का? मॅक्रोफेज सी५७ब्लॅक/६ जातीच्या उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेले. त्यामुळे प्रथिनही उंदराचंच हवं होतं. माणसाचं सीडी४७ एनओडी जातीच्या उंदराच्या सिर्प-अल्फाला घट्ट धरतं, पण ब्लॅक/६च्या सिर्प-अल्फाशी त्याचं फारसं जमत नाही. २००७ पासून हे माहीत आहे, आणि माणसाच्या पेशी रुजवण्यासाठी एनओडी उंदीर चांगले ठरतात त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. तेव्हा कपाटात माणसाचं सीडी४७ पडलेलं असूनही त्यांनी ते वापरलं नाही, हे बरोबरच केलं.

पाच वेळा पटलातून जाणारं अख्खं प्रथिन ट्यूबमध्ये विरघळलेलं ठेवायचं म्हणजे डिटर्जंट आला, आणि डिटर्जंट जिवंत मॅक्रोफेजला चालत नाही. म्हणून बाजारात मिळतो तो फक्त बाहेरचा भाग, टोकाला टॅग (शुद्ध करायला आणि ओळखायला लावलेला जादा तुकडा) जोडलेला. गटाने घेतलं ते एचईके२९३ या मानवी पेशींत बनवलेलं, मानवी आयजीजी-१ या अँटीबॉडीच्या एफसीशी, म्हणजे तिच्या शेपटाच्या भागाशी, जोडलेलं रूप. या निवडीमागे विचार होता. एफसी हिंजपाशी जोडीने बांधला जातो, त्यामुळे सीडी४७ची दोन डोकी एका रेणूवर येतात. सीडी४७ आणि सिर्प-अल्फा यांची एकास-एक पकड मायक्रोमोलरच्या आसपासची, म्हणजे तशी ढिलीच. दोन डोकी असली की ती पेशीवर जरा जास्त टिकते. प्रोटीन-ए (एफसी पकडणारं प्रथिन) वर शुद्ध करणं सोपं, आणि ओळखायला मानवी एफसीविरुद्धची रंगीत अँटीबॉडी फ्रीजमध्ये तयार.

डेटाशीटही चोख होती. प्लेटवर सिर्प-अल्फा चिकटवून केलेल्या एलायझा चाचणीत प्रथिन छान बसत होतं. शुद्धता उत्तम, एंडोटॉक्सिन (जीवाणूंच्या आवरणातलं, पेशींना चेतवणारं विष) मर्यादेत. त्या कागदावर चुकीचं काहीही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

अडचण कशी पुढे आली

सुरुवातीचे आलेख पाहून सगळे खूश होते. इंटरफेरॉन-गॅमा दिलेल्या मॅक्रोफेजवर सीडी४७-एफसीचा सिग्नल न दिलेल्या पेशींपेक्षा स्पष्टपणे वर सरकला होता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. उंदीर बदलले तरी तेच. संशोधक विद्यार्थिनीने गटाच्या बैठकीत हे मांडलं तेव्हा निष्कर्ष जवळपास ठरल्यासारखा होता: दाहाच्या अवस्थेतला मॅक्रोफेज सीडी४७ जास्त पकडतो, म्हणजे तो स्वतःला आवर घालायची तयारी करतो.

खटकली एकच गोष्ट. त्याच पेशींवर सिर्प-अल्फाविरुद्धची अँटीबॉडी लावली तर रिसेप्टर वाढलेला दिसत नव्हता. उलट किंचित कमीच.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला, आणि तो जवळजवळ निसटला. रिसेप्टर वाढत नाही पण बंधन वाढतं, याचं एक आकर्षक स्पष्टीकरण लगेच सापडतं: सिर्प-अल्फा पटलावर एकत्र गोळा होत असेल, किंवा त्यावरच्या शर्करा बदलत असतील. दोन्ही गोष्टी पेशींत घडतात, त्यामुळे ऐकायला त्या पटतात. बैठकीत अर्धा वेळ याच दिशेने गेला. दोन मोजमापांचं पटत नसेल तर त्या तफावतीवर सिद्धांत उभारण्याआधी मोजपट्टी तपासावी, असं माझं मत. पण नव्या सिद्धांताचा मोह मोठा असतो, आणि तो मोडायला कुणीतरी थोडं कंटाळवाणं बोलावं लागतं.

ते काम एका पोस्टडॉकने (पीएचडीनंतरच्या संशोधकाने) केलं. त्याने विचारलं, “फक्त एफसी लावून पाहिलंय का?”

“एफसी ब्लॉक केलाय ना,” विद्यार्थिनी म्हणाली. “दर वेळी, पेशींना रंगाचा डाग देण्याआधी.”

गटप्रमुख सरांनी मान डोलावली. ब्लॉक केला म्हणजे प्रश्न मिटला, असं तिथल्या बहुतेकांना वाटलं.

ब्लॉकने काय झाकलं आणि काय नाही

मॅक्रोफेजवर अँटीबॉडीचा एफसी पकडणारे एफसी रिसेप्टर असतात, आणि ते आधीच झाकून टाकणं म्हणजे ‘एफसी ब्लॉक’. उंदराच्या पेशींसाठी त्याला सर्रास वापरली जाते ती २.४जी२ नावाच्या क्लोनची अँटीबॉडी. ती सीडी१६ आणि सीडी३२ या दोन रिसेप्टरांवर बसते, म्हणजे एफसी-गॅमा रिसेप्टर तीन आणि दोन-बी वर. उंदराच्या मॅक्रोफेजवर मात्र आणखी दोन असतात: एफसी-गॅमा रिसेप्टर एक, म्हणजे सीडी६४, आणि चौथा. सीडी६४ हा या सगळ्यांतला घट्ट पकडणारा. एकट्या, सुट्या आयजीजी रेणूलाही तो धरून ठेवतो. २.४जी२ सीडी६४वर बसत नाही.

टॅग मानवी आयजीजी-१चा आहे, तेव्हा उंदराचे रिसेप्टर त्याला ओळखणारच नाहीत, हा समज बऱ्याच जणांचा असतो. तो खोटा आहे. मानवी आयजीजी-१ उंदराच्या एफसी रिसेप्टरांना चांगलाच धरतो, सीडी६४ला तर विशेष. मानवी अँटीबॉडी-औषधांच्या चाचण्या उंदरांत करता येतात त्याला हेही एक कारण आहे.

आणि इंटरफेरॉन-गॅमा मॅक्रोफेजवर सीडी६४ वाढवतो. हे पाठ्यपुस्तकातलं. खोलीतल्या प्रत्येकाला ते माहीत होतं, पण दुसऱ्या संदर्भात: सीडी६४ ही सक्रिय झालेल्या मॅक्रोफेजची खूण म्हणून. आपल्याच टॅगला धरणारा रिसेप्टर म्हणून त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

पोस्टडॉकच्या सांगण्यावरून पुढच्या फेरीत एक ट्यूब वाढवली. नुसता मानवी आयजीजी-१चा एफसी, पुढे सीडी४७ नाही. मोलर प्रमाण सीडी४७-एफसीइतकंच ठेवलं. हा बारकावा महत्त्वाचा: नुसता एफसी हलका असतो, त्यामुळे मायक्रोग्रॅम सारखे घेतले तर कंट्रोलमध्ये (तुलनेच्या ट्यूबमध्ये) रेणू जास्त पडतात आणि तुलना वाकडी होते.

नुसता एफसीही इंटरफेरॉन दिलेल्या पेशींवर वर सरकला. सीडी४७-एफसीच्या पूर्ण उंचीइतका नाही, पण वाढ जवळपास तेवढीच. इंटरफेरॉन न दिलेल्या पेशींवर सीडी४७-एफसी आणि नुसता एफसी यांच्यात जे अंतर होतं, ते खरं सिर्प-अल्फाचं बंधन असावं. इंटरफेरॉननंतर हे अंतर वाढलं नव्हतं. वाढला होता तो तळ, म्हणजे सीडी४७शी संबंध नसलेला सिग्नल.

आता एलायझात हे का दिसलं नाही, तेही उघड होतं. प्लेटवर सिर्प-अल्फा असतो, सीडी६४ नसतो. गटाने स्वतःही सिर्प-अल्फा घातलेल्या एचईके पेशींवर प्रथिन तपासलं होतं आणि सुंदर निकाल मिळवला होता. एचईके पेशींवरही एफसी रिसेप्टर नसतात. दोन्ही चाचण्या खऱ्या होत्या, पण ज्या पेशीवर प्रश्न विचारायचा होता तिची अडचण त्यांत येऊच शकत नव्हती.

समोरचे पर्याय

आता खरी चर्चा झाली, आणि ती चांगली झाली.

पहिला पर्याय स्वस्त: ब्लॉक वाढवायचा. सीडी६४ भरून टाकायला उंदराचा आयजीजी-२ए भरपूर घालायचा, कारण सीडी६४ त्याला घट्ट धरतो. मानवी आयजीजी घातला असता तर रंगीत अँटीबॉडी त्यालाच जाऊन चिकटली असती, म्हणून तो बाद. पण स्पर्धेने अडवलेला रिसेप्टर कधीच शंभर टक्के अडत नाही, आणि इथे तर प्रश्नच ‘किती वाढ’ असा होता. तळ इंटरफेरॉनबरोबर हलतो, आणि तो तळ प्रत्येक वेळी वजा करत बसायचं? हा पर्याय मागे पडला.

दुसरा: एफसी राहू द्यायचा, पण त्याचे दात काढायचे. २३४ आणि २३५ या जागांवरच्या ल्युसिनच्या जागी अलानिन, आणि ३२९व्या जागी प्रोलिनऐवजी ग्लायसिन, असे बदल केलेला एफसी या रिसेप्टरांना जवळपास धरत नाही. नुसती २९७व्या जागेची शर्करा काढण्याचाही एक सोपा मार्ग आहे, पण सीडी६४सारख्या घट्ट पकडीच्या रिसेप्टराबाबत त्याच्यावर पूर्ण विसंबावंसं कुणाला वाटलं नाही. बदललेला एफसी हा चांगला पर्याय होता. जोडी टिकते, शुद्धीकरण तेच, रंगीत अँटीबॉडी तीच. सरांचा कल इकडे होता.

तिसरा: हिस टॅगचं रूप. सहा हिस्टिडिन, वजन एक किलोडाल्टनही नाही, मॅक्रोफेजला त्यात ओळखण्यासारखं काही नाही. तयार मिळत होतं. विद्यार्थिनीने एका दुपारी थोडं मागून आणलं आणि लावून पाहिलं. सिग्नल नाही. का नाही, ते कागदावर दिसतं. साखळीचं वजन १५ किलोडाल्टन धरलं तर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम म्हणजे सुमारे ०.६७ मायक्रोमोलर. पकडीचा स्थिरांक १ मायक्रोमोलर धरला तर समतोलाच्या वेळी चाळीसेक टक्के रिसेप्टर भरलेले. शर्करांचं वजन धरलं तर त्याहून कमी. त्यात एकटं डोकं धरून ठेवत नाही. बफर बदलून पेशी धुतल्या की बसलेलंही निघून जातं.

शिवाय हिस टॅग पाहायचा कशाने? हिसविरुद्धच्या अँटीबॉडीने. म्हणजे पुन्हा आयजीजी, पुन्हा एफसी, पुन्हा सीडी६४. टॅगमधून काढलेला एफसी मागच्या दाराने परत. एफ(एबी), म्हणजे अँटीबॉडीचे एफसी नसलेले तुकडे, वापरून हे टाळता येतं, पण ढिल्या पकडीचा प्रश्न तरी उरतोच.

चौथा पर्याय पुढे नेला गेला: बाहेरचा भाग, मग १५ अमिनो आम्लांचा अ‍ॅवी टॅग, मग हिस टॅग. अ‍ॅवी टॅगमधल्या एकाच लायसिनवर बर्ए नावाचं एन्झाइम बायोटिन हा छोटा रेणू बसवतं, आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन असे चार रेणू एकत्र धरतं, म्हणजे चौकडी. चार डोकी, एफसी नाही, अँटीबॉडीही नाही. रंग स्ट्रेप्टॅव्हिडिनलाच जोडलेला.

हिस टॅगच्या प्रथिनालाच एनएचएस रसायनाने बायोटिन लावू, असं कुणीतरी सुचवलं. लवकर झालं असतं. पण ते रसायन जी लायसिन मोकळी दिसेल तिला लागतं, आणि बंधनाच्या जागेजवळची लायसिन झाकली गेली तर नंतर ‘बंधन कमी दिसतं’ याचा अर्थच लावता येणार नाही. त्यातून बाटलीत प्रथिन टिकवण्यासाठी घातलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) असेल तर बायोटिन मुख्यतः त्यालाच जाऊन लागतं. हा पर्याय तिथेच सोडला.

पाचवा पर्याय उंदरांचाच होता. एफसी रिसेप्टरांची गॅमा साखळी नसलेल्या उंदरात पहिला, तिसरा आणि चौथा रिसेप्टर पेशीवर येत नाही. उरतो दोन-बी, आणि त्याला २.४जी२ झाकतो. तर्काने सर्वांत स्वच्छ. पण असे उंदीर आणून वाढवायला वेळ लागतो, आणि गॅमा साखळी इतर कामांतही असते. त्यामुळे हे नंतर पुराव्याला जोड म्हणून पाहू, असं ठरलं.

काय केलं

प्रथिन घरीच बनवायचं ठरलं आणि इथे दुसरा मोठा निर्णयाचा क्षण आला. प्रयोगशाळेत एक तयार प्लाझ्मिड (पेशीला प्रथिनाची कृती देणारा डीएनएचा गोल तुकडा) होतं: सिग्नल पेप्टाइड (प्रथिनाला पेशीबाहेर पाठवणारा, नंतर कापला जाणारा तुकडा), मग हिस टॅग, मग हवं ते प्रथिन. त्यात तुकडा सरकवला की काम झालं असतं. सीडी४७साठी मात्र ते चाललं नसतं.

कारण सीडी४७चं पहिलं अमिनो आम्ल. सिग्नल पेप्टाइड कापलं गेलं की साखळीच्या टोकाला ग्लुटामिन येतं, आणि पेशीतलं एक एन्झाइम त्याचं वलय करून पायरोग्लुटामेट बनवतं. सिर्प-अल्फा ज्या जागी बसतो तिथे हे टोक प्रत्यक्ष सामील असतं. २०१९ मध्ये हे वलय बनवणाऱ्या एन्झाइमलाच अडवून सीडी४७चा निरोप तोडता येतो हे दाखवलं गेलं. म्हणजे या सुरुवातीच्या टोकाला टॅग चिकटवला तर प्रथिन जेलवर सुरेख दिसेल आणि बांधणार मात्र नीट नाही. टॅग शेपटाकडेच हवा, आणि सिग्नल पेप्टाइड अगदी ग्लुटामिनच्या आधी कापलं जायला हवं. जीवाणूंत बनवणंही याच कारणाने बाद झालं, शिवाय तिथे शर्कराही लागत नाहीत.

दुसरी गोष्ट १५व्या जागेवरचं सिस्टीन. अख्ख्या सीडी४७मध्ये ते पटलाजवळच्या एका वळशातल्या सिस्टीनला गंधकाच्या बंधाने बांधलेलं असतं. बाहेरचा भाग वेगळा काढला की त्याचा जोडीदार मागे राहतो आणि हे मोकळं सिस्टीन भलत्याच रेणूला जाऊन जुळतं. त्या जागी ग्लायसिन घातलं. हा नेहमीचा उपाय आहे, पण त्याची किंमतही आहे: मूळ पटलात हा बंध सीडी४७च्या डोक्याची मांडणी सांभाळतो, आणि तो नसलेलं प्रथिन म्हणजे मूळ प्रथिनाची हुबेहूब प्रत नव्हे. कुठलाही सुटा केलेला बाहेरचा भाग वापरताना हे ध्यानात असावं.

प्रथिन एचईके पेशींतून बाहेर टाकलेल्या द्रवातून निकेलवर (हिस टॅग त्याला चिकटतो) पकडलं आणि जेल फिल्ट्रेशनवर, म्हणजे आकारानुसार वेगळं करताना, एकाच नीट शिखरात मिळालं. बर्एची क्रिया झाल्यावर उरलेलं सुटं बायोटिन काढणं अत्यावश्यक, नाहीतर स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या चारही जागा तेच भरून टाकतं. इथे मी एक सूचना केली होती: पेशी आरपीएमआय या वाढीच्या माध्यमात ठेवून डाग देऊ नका, त्या माध्यमात बायोटिन असतं. डाग पीबीएस बफर आणि थोड्या बीएसएमध्येच दिला गेला.

बायोटिन खरंच बसलं का, याची तपासणी विद्यार्थिनीने अशी केली. प्रथिन आधी उकळलं, थंड केलं, मग त्यात स्ट्रेप्टॅव्हिडिन घातलं आणि न उकळता जेलवर चढवलं. शेजारच्या खाचेत स्ट्रेप्टॅव्हिडिन न घातलेलं तेच प्रथिन. पहिल्या खाचेत नेहमीच्या जागेवरचा पट्टा जवळजवळ नाहीसा होऊन वर चढला होता. खाली उरलेला धूसर पट्टा म्हणजे बायोटिन न लागलेला वाटा. पुरवठादाराच्या कागदावर ‘बायोटिनीकृत’ लिहिलेलं असलं तरी ही एक जेल चालवावीच, असं माझं ठाम मत आहे.

रंग निवडतानाही एक थांबा आला. फायकोएरिथ्रिन, म्हणजे पीई, उंदराच्या कमी पकडीच्या एफसी रिसेप्टरांना स्वतःच चिकटतो, हे १९९०च्या दशकातलं निरीक्षण आहे. सायनाइन जोडलेला पीई-साय५ माणसाच्या सीडी६४ला चिकटल्याचंही त्याच दशकात नोंदलं गेलं. ज्या प्रयोगात सगळा गोंधळ सीडी६४ने घातला, तिथे असा रंग घेणं म्हणजे विषाची परीक्षा. एपीसी हा रंग जोडलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन घेतलं, आणि २.४जी२चा ब्लॉक तसाच ठेवला.

कंट्रोल या वेळी आधी ठरले. एचईकेमध्येच बनवलेलं, शर्करा असलेलं, अ‍ॅवी टॅगवर बायोटिन बसवलेलं पण सीडी४७शी संबंध नसलेलं एक प्रथिन, त्याच स्ट्रेप्टॅव्हिडिनवर जुळवलेलं. मॅक्रोफेजवर शर्करा ओळखणारे रिसेप्टर भरपूर असतात, म्हणून हा कंट्रोलही शर्करांसहितच हवा होता. आणि सहकारी गटाकडून मिळालेली सिर्प-अल्फा नसलेल्या उंदराची अस्थिमज्जा.

निकाल

चौकडीने साध्या मॅक्रोफेजवर स्पष्ट सिग्नल दिला. सिर्प-अल्फा नसलेल्या पेशींवर तो जवळजवळ कोसळला. असंबंधित प्रथिनाची चौकडी तळाशीच राहिली. आणि इंटरफेरॉन-गॅमा दिल्यावर सीडी४७चं बंधन वाढलं नाही. किंचित उतरलं, अँटीबॉडीने सिर्प-अल्फाचं जे चित्र दाखवलं होतं त्याच्याशी जुळणारं.

म्हणजे मूळ दावा गेला. एका परिषदेसाठी तयार होत असलेला सारांश पाठवण्याआधी मागे घेतला गेला. विद्यार्थिनीला हे जड गेलं हे उघड होतं, पण हातात आलेलं साधन आधीच्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं आणि पुढचं काम त्यावरच उभं राहिलं.

एक प्रयोग मात्र अगदी वेळेवर वाचला. गिळण्याच्या चाचणीसाठी गट लॅटेक्स मण्यांवर सीडी४७-एफसी चिकटवणार होता, म्हणजे मणी मॅक्रोफेजला ‘नको गिळू’ म्हणतील. पण मण्यावर दाटीने बसलेले एफसी हेच गिळण्याचं आमंत्रण असतं, अँटीबॉडीने माखलेल्या जीवाणूसारखं. तोच मणी एका बाजूने ‘नको’ आणि दुसऱ्या बाजूने ‘ये’ म्हणत राहिला असता, आणि जो आकडा मिळाला असता त्याचा अर्थ कुणालाच लावता आला नसता. मण्यांवर आता बायोटिनचं रूप वापरतात.

आधी विकत घेतलेलं एफसीचं प्रथिन वाया गेलं नाही. प्लेटवरच्या चाचण्यांना, सिर्प-अल्फा घातलेल्या एचईके पेशींना, अँटीबॉडी अडवते का हे पाहायला ते उत्तम आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सरांचा दुसरा पर्याय, दात काढलेला एफसी, मला आजही तितकाच योग्य वाटतो. प्लाझ्मिड मागवून लवकर झालं असतं, आणि दोन डोक्यांचं रूप पुढे उंदरात टोचायच्या प्रयोगांनाही उपयोगी पडलं असतं. चौकडी डाग द्यायला छान, पण शरीरात द्यायला नाही. गटाने चौकडी निवडली ती मुख्यतः ‘एफसीचा संशयच नको’ म्हणून. पहिल्या फसवणुकीनंतर ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, पण दोन्ही साधनं समांतर केली असती तर एकमेकांची साक्ष मिळाली असती.

नुसत्या एफसीची ट्यूब पहिल्याच फेरीत हवी होती, यावर गटात दुमत नाही. मला त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती खरेदीआधीची एक चौकशी: ज्या पेशीवर हे लावणार, ती या टॅगला ओळखते का, आणि आपण देत असलेल्या औषधाने ती ओळख वाढते का? इंटरफेरॉन-गॅमा आणि सीडी६४ ही जोडी कुणीही दोन मिनिटांत सांगितली असती. कुणी विचारलं नाही, कारण टॅग म्हणजे शुद्धीकरणाची सोय, असाच तो कॅटलॉगमध्ये दिसतो.

एंडोटॉक्सिनचा मुद्दा या प्रकरणात निर्णायक नव्हता, पण थोडक्यात सांगते. बाटलीवर ‘मायक्रोग्रॅममागे १ ईयूपेक्षा कमी’ लिहिलेलं असेल आणि तुम्ही मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम वापरलं, तर ती मर्यादा मिलिलिटरला १० ईयूपर्यंत (ईयू हे एंडोटॉक्सिनचं एकक) जाते, म्हणजे साधारण १ नॅनोग्रॅम एलपीएस, हेच ते एंडोटॉक्सिन. बर्फावर अर्धा तास डाग देताना त्याने काही बिघडत नाही. रात्रभर पेशींबरोबर ठेवून टीएनएफ (दाहाचा संदेश-रेणू) मोजणार असाल, तर तेवढ्याने मॅक्रोफेज चांगलेच जागे होतात. गटाने पुढच्या कामासाठी आपलं प्रथिन वेगळं तपासून घेतलं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. सिर्प-अल्फा नसलेल्या पेशींवर जो थोडा सिग्नल उरला, तो कशाचा? सीडी४७ थ्रोम्बोस्पॉन्डिन-१ला धरतं, काही इंटेग्रिनांशीही त्याचा संबंध आहे, त्यामुळे तो खराही असू शकतो. शिवाय मॅक्रोफेजवर स्वतःचं सीडी४७ असतंच, आणि ते त्याच पेशीवरच्या सिर्प-अल्फाला आधीच अडवून बसलेलं असू शकतं. तसं असेल तर बाहेरून लावलेली चौकडी फक्त रिकामा उरलेला रिसेप्टर मोजते, आणि इंटरफेरॉननंतरची ती किंचित घट रिसेप्टराची की त्यावर बसलेल्या शेजाऱ्याची, हे या आकड्यांवरून वेगळं करता येत नाही. सीडी४७ नसलेल्या उंदराचे मॅक्रोफेज घेऊन हीच मांडणी पुन्हा करायचं ठरलं आहे.